दमा कशाने उठतो ते आधी शोधा, मग घर आवरा

दमा कशाने उठेल हे प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यामुळे कोणी सांगितलं म्हणून लगेच घरातलं सगळं फेकायला घेऊ नका. आधी दोनतीन आठवडे वहीत लिहा, खोकला कधी आला, छातीत घरघर कधी झाली, रात्री झोपमोड झाली का, त्याआधी काय करत होतात. मी लिहायला लागलो तेव्हा कळलं की मला अंथरूण झटकलं की त्रास होतो, आणि मी इतकी वर्षं उगाच खिडक्या लावून बसायचो.

सुरुवात बेडरूमपासूनच करा कारण रात्रीचे सातआठ तास तिथेच जातात. गादी-उशीत डोळ्याला न दिसणारे धुळीतले किडे असतात, आपल्याच कातडीच्या गळलेल्या कणांवर जगतात आणि ऍलर्जी मुख्यतः त्यांच्या विष्ठेची होते (ऐकून कसंतरी होतं पण खरंय). चादरी, अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशाच्या गरम पाण्यात धुवा, गादीला घट्ट विणीचं ऍलर्जीवालं कव्हर घाला, आणि कोरडा झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. ज्याला दमा आहे त्याने त्या वेळी खोलीत थांबू नये, बाकीच्यांनी करावं की.

ओल आणि बुरशी असेल तर नुसती पुसून भागत नाही, गळती बंद करावी लागते नाहीतर ती परत येतेच. मांजर-कुत्रा असेल तर निदान बेडरूमबाहेर ठेवा.

धुराबाबत मात्र मी कडक आहे. सिगरेट गॅलरीत ओढली तरी धूर कपड्यांतून आत येतोच. डासांची कॉइल, उग्र सेंट, फवारायचे क्लीनर हेही त्यातच धरा.

सर्दी झाली की दमा हमखास डोकं वर काढतो, म्हणून हात धुणं आणि फ्लूची लस. काहींना ऍस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या पेनकिलरनेही त्रास होतो, गोळी घेताना डॉक्टरांना दमा आहे हे सांगा. व्यायाम बंद करू नका, आधी हळूहळू वॉर्मअप करा.

आता औषध. रोजचा प्रिव्हेंटर (दमा उठू नये म्हणून घ्यायचा इन्हेलर) बरं वाटतंय म्हणून सोडायचा नाही, सगळे तिथेच चुकतात. त्यात स्टेरॉइड असतं म्हणून नंतर चूळ भरायची. स्पेसर (इन्हेलरच्या तोंडाला लावायची पोकळ नळी) लावला तर औषध घशात न अडकता आत नीट जातं.

अटॅक आला तर आडवं पाडू नका, ताठ बसवा. डॉक्टरांनी प्लॅन लिहून दिला असेल तर तसंच करा. नसेल तर साल्ब्युटामॉलच्या रिलीव्हरचा (त्रास होताना लगेच आराम देणारा इन्हेलर) एकेक पफ, ३० ते ६० सेकंदांनी, जास्तीत जास्त १०. तरी फरक नाही, वाक्य पुरं बोलता येत नाही किंवा ओठ निळे पडतायत, तर थांबू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत इन्हेलर हातातच ठेवा.