पहिली पगारस्लिप वाचताना

नोकरीचे पत्र मिळाल्यावर घरी सांगितला जातो तो वार्षिक पॅकेजचा आकडा असतो. महिनाअखेरीस खात्यात जमा होणारी रक्कम मात्र त्याच्या बाराव्या हिश्श्यापेक्षा कमी भरते. ही तफावत ज्याला उलगडता येते त्याला पुढचे बरेच निर्णय सोपे जातात, त्यामुळे पैशांच्या नियोजनाची सुरुवात म्युच्युअल फंडापासून न करता पगारस्लिपपासून करावी, असे माझे मत आहे.

समजा, पुण्यातील एका कंपनीने वर्षाला ४ लाख २० हजार रुपयांचे पॅकेज दिले आणि त्यात मूळ वेतन, म्हणजे बेसिक, दरमहा १५,००० रुपये ठेवले. पॅकेजच्या हिशेबाने महिन्याला ३५,००० रुपये होतात. त्यातून कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे बेसिकच्या १२ टक्क्यांप्रमाणे १,८०० रुपये, आणि ग्रॅच्युइटीपोटी, म्हणजे दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेपोटी, ४.८१ टक्क्यांप्रमाणे सुमारे ७२२ रुपये बाजूला काढले जातात, कारण बहुतेक कंपन्या या दोन्ही रकमा पॅकेजमध्येच धरतात. उरलेल्या ३२,४७८ रुपयांतून तुमच्या वाट्याचा पीएफ, तोही १,८०० रुपये, आणि व्यवसाय कराचे २०० रुपये वजा झाले की हातात ३०,४७८ रुपये येतात. घरभाडे, घरी पाठवायचे पैसे, गाडीचा हप्ता ही सारी गणिते या आकड्यावर बसवायची असतात. पस्तीस हजारांवर बसवली की दर महिन्याच्या पंचवीस तारखेला मित्राकडे हात पसरावा लागतो.

स्लिपवरील पीएफच्या ओळीकडे अधिक बारकाईने पाहावे. तुमचे १,८०० रुपये पूर्णपणे तुमच्या पीएफ खात्यात जातात. कंपनीच्या १,८०० रुपयांपैकी मात्र १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत वळवले जातात आणि पीएफ खात्यात ५५० रुपयेच पोहोचतात. म्हणजे खात्यात दरमहा २,३५० रुपयांची भर पडते, आणि २०२४-२५ या वर्षासाठी त्यावर ८.२५ टक्के व्याज जाहीर झाले होते. इतक्या सुरक्षित ठिकाणी इतका दर सहसा मिळत नाही. तरीही नोकरी बदलताना अनेक जण ही रक्कम काढून मोकळे होतात, आणि ती बहुधा नव्या फोनमध्ये किंवा गोव्याच्या सहलीत विरून जाते. पाच वर्षांची सलग सेवा पूर्ण होण्याआधी काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो. तेच खाते नव्या कंपनीकडे वर्ग केले तर आधीच्या नोकरीचा काळही या पाच वर्षांत धरला जातो. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यासाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि निवृत्तिवेतन योजनेतले पैसेही काढून घेतले की तोही हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा क्रमांक, मिळाला की पहिल्याच आठवड्यात पीएफच्या संकेतस्थळावर जाऊन आपले नाव, जन्मतारीख आणि वारसाची नोंद तपासावी. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे लावण्याची पद्धत असल्यामुळे ही अडचण हमखास येते. माझ्या पहिल्या कंपनीने माझे नाव दोन शब्दांत नोंदवले होते, आधारवर ते तीन शब्दांत होते. नोकरी सोडल्यावर खाते वर्ग करताना त्या एका शब्दापायी सात महिने अर्ज परत येत राहिले. लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या मुलींनी तर आधार, पॅन, बँक आणि पीएफ या चारही ठिकाणची नावे अक्षरशः शेजारी ठेवून जुळवून पाहावीत. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल, तर शेवटचा भरणा झाल्यावर दोन महिन्यांनी ती स्वतः नोंदवता येते.

हातात आलेल्या रकमेतून आधी बाजूला ठेवायचे ते अडीअडचणीचे पैसे. खोलीभाडे, जेवण, प्रवास आणि घरी पाठवायची रक्कम मिळून महिन्याला २२,००० रुपये लागत असतील, तर निदान तीन महिन्यांचे ६६,००० रुपये साठेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही गुंतवणुकीची घाई नको. हे पैसे बँकेच्या आवर्ती ठेवीत साठवावेत. बँक बुडाल्यास प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतील ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींवर विमा संरक्षण असते आणि नागरी सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थेतील ठेवींना मात्र हे संरक्षण नाही. अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी गावातल्या पतसंस्थेत पैसे ठेवण्यापूर्वी आणि ऑफिसातल्या भिशीत नाव घालण्यापूर्वी एवढा फरक ध्यानात असावा.

क्रेडिट कार्ड वाईट नसते, पण बिलावरील ‘किमान देय रक्कम’ ही ओळ फसवी असते. समजा, ४०,००० रुपयांचा फोन कार्डावर घेतला आणि बिल आल्यावर पाच टक्क्यांप्रमाणे २,००० रुपयेच भरले. दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले तर एका महिन्याचे व्याज १,४०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २५२ रुपये होतात. भरलेल्या दोन हजारांतून मूळ रक्कम फिटली ती अवघी ३४८ रुपये. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, त्यामुळे त्याच कार्डावर घेतलेल्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज चढू लागते. पूर्ण बिल भरण्याची ऑटो-डेबिट सूचना बँकेला देता येत असेल तरच कार्ड वापरावे.

विम्याबाबत थोडक्यात सांगायचे तर, घरात कोणी आपल्या कमाईवर अवलंबून असेल तर साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना रक्कम देणारा विमा, घ्यावा, आणि आरोग्य विमा कंपनीने दिला असला तरी स्वतःचा वेगळा असावा, कारण कंपनीचा विमा सामान्यतः नोकरीबरोबर संपतो. खरी अडचण येते ती पहिल्या पगाराच्या महिन्यात घरी येऊन ‘पैसेही परत मिळतील’ असे सांगणाऱ्या ओळखीच्या काकांची. भिडेखातर सही झालीच असेल, तर पॉलिसीची कागदपत्रे मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. किरकोळ कपात होऊन हप्ता परत मिळतो.

गुंतवणूक यानंतरची. इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे गुंतवणूक करणाऱ्या म्युच्युअल फंडात, दरमहा हजार-दोन हजारांची एसआयपी (ठरावीक तारखेला आपोआप जाणारा हप्ता) आणि जमल्यास पीपीएफ ही सरकारची दीर्घ मुदतीची बचत योजना, इतके पहिल्या दोन वर्षांना पुरेसे आहे. एसआयपीची तारीख पगारानंतरच्या तीन-चार दिवसांतली निवडावी, म्हणजे खात्यात शिल्लक नसल्याने हप्ता परत जाऊन दंड बसण्याची वेळ येत नाही.

प्रत्येक महिन्याची स्लिप पीडीएफ रूपात स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवावी, कारण नोकरी सोडली की कंपनीचे पोर्टल बंद होते आणि कर्जासाठी बँक बहुधा मागील तीन स्लिपा मागते. फेब्रुवारीच्या स्लिपवर व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० रुपये दिसला तर ती चूक नव्हे. वर्षाचे २,५०० रुपये पूर्ण करण्यासाठी महाराष्ट्रात त्या महिन्यात शंभर रुपये जास्त कापले जातात. महिलांना मात्र दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही, आणि तरीही तो कापला गेला असेल तर त्याच महिन्यात एचआरला लेखी कळवावे.