एक्सबॉक्स घ्यायचा का पीएस फाइव्ह? पैसे मोजायच्या आधी एवढं बघा

नीटची परीक्षा झाली की आपल्या लातूर-नांदेडकडं पोरं घरी कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनचा विषय काढतेत आणि सगळे एकच विचारायलेत, एक्सबॉक्स सिरीज एस स्वस्तात मिळायलाय तर तोच घेऊ का. घ्या ना, पण मायक्रोसॉफ्टचा हा एक्सबॉक्स सोनीच्या पीएसच्या, म्हणजे प्लेस्टेशनच्या मागं का पडला ते आधी समजून घ्या.

गडबड 2013 लाच झाली. मायक्रोसॉफ्टनं त्या वेळच्या एक्सबॉक्स वनसोबत किनेक्ट कॅमेरा गळ्यात मारला आणि किंमत लावली 499 डॉलर, सोनीनं पीएस फोर 399 ला दिला, वरून एक्सबॉक्सवर गेमच्या जुन्या डिस्क विकण्या-देण्यावर बंधनं येणार होती, लोक भडकले तेव्हा महिन्याभरात निर्णय मागं घेतला पण नाव खराब व्हायचं ते झालंच. आणि नेमकं त्याच काळात लोक डिस्कऐवजी डाउनलोड करायचे डिजिटल गेम विकत घ्यायला लागले, ते सगळे पीएसच्या खात्यात जमा झाले, आता पीएस फाइव्हवर त्यातले जवळपास सगळे चालतेत मग कोण कशाला सोडून जाईल?

म्हणून पहिलं काम, दोस्तांकडं काय आहे ते विचारा. डिस्कची अदलाबदल त्याच कन्सोलवाल्यासोबत होते.

मग कन्सोलचं तोंड बघा, डिस्क घालायची फट आहे का. सिरीज एसला नाहीच, पीएस फाइव्हच्या डिजिटल एडिशनलाही नाही (तिच्या नव्या मॉडेलला डिस्क ड्राइव्ह वेगळा विकत घेऊन जोडता येतो, तेवढं सोडून). म्हणजे जुनी डिस्क घ्या, खेळा, विकून टाका हे बंद, प्रत्येक गेम डाउनलोड करायचा, मोठा गेम 100 जीबीच्या आसपास जातो आणि मोबाईलच्या रोजच्या दोन जीबीत ते व्हायचं नाही. घरी फायबर असेल आणि वेगवेगळे गेम चाखायचे असतील तर गेम पासमुळं, म्हणजे ठरलेले पैसे भरत राहून बरेच गेम खेळायला देणाऱ्या योजनेमुळं, एक्सबॉक्स खरंच चांगला आहे, फक्त पैसे भरणं थांबलं की त्यातले गेमही बंद.

आवडीचे गेमही तपासा. स्पायडर-मॅन 2 एक्सबॉक्सवर नाही, उलट एक्सबॉक्सचा फोर्झा होरायझन 5 हा गेम 2025 मध्ये पीएस फाइव्हवर आला, मला तर इथंच निकाल लागल्यासारखा वाटतो.

लाईट सारखी जात असेल तर छोटा यूपीएस घ्याच, अपडेट चालू असताना बंद पडला तर डेटा बिघडू शकतो. आणि सेकंडहँड घेत असाल तर गेम चालू करून कंट्रोलरवरची बोटं काढा, हिरो आपोआप चालायला लागला की कंट्रोलरची स्टिक (अंगठ्यानं हलवायची दांडी) गेलेली आहे, तेवढे पैसे तिथंच कमी करून घ्या.