गोठ्याजवळच्या गोमाश्यांसाठी घरगुती सापळा

पावसाळ्यात उघडीप पडली की गोठ्याभोवती गोमाश्या घोंघावू लागतात आणि जनावरे चारा सोडून शेपटी आपटत, पाय झाडत उभी राहतात. त्यावर बाटलीत गुळाचे पाणी घालून टांगण्याचा उपाय हमखास सुचवला जातो. परंतु त्यात घरमाश्या आणि कधी बिचाऱ्या मधमाश्या पडतात, गोमाशी पडत नाही. चावते ती मादी, अंड्यांसाठी तिला रक्त हवे असते, आणि जनावर ती मुख्यतः डोळ्यांनी शोधते. जपानमध्ये काळ्या गाईंच्या अंगावर पांढरे पट्टे रंगवले असता त्यांच्यावर बसणाऱ्या चावऱ्या माश्या सुमारे निम्म्या झाल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. म्हणून सापळ्यात आमिष हवे ते उन्हात तापणाऱ्या, चकचकीत काळ्या वस्तूचे.

त्यासाठी ४५ ते ६० सेंटिमीटर व्यासाचा काळा, गुळगुळीत चेंडू घ्यावा. उन्हात हवा प्रसरण पावते, म्हणून तो पूर्ण फुगवू नये. सुमारे आठ फुटांचे तीन बांबू टोकापासून एक फूट खाली एकत्र बांधून त्यांची तिपायी उभी करावी. दोन लिटरच्या पारदर्शक बाटलीचा वरचा भाग कापून घ्यावा, त्याच्या रुंद कडेभोवती पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद शंकूसारखा गुंडाळून तारेने आवळावा आणि हा शंकू तोंड वर ठेवून तिपायीच्या आतून बांधावा. चेंडू त्याखाली असा टांगावा की त्याचा थोडाच भाग शंकूच्या आत राहील, तळ जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर येईल आणि वाऱ्याने तो हलत राहील.

आता खरी मेख. चेंडूवर बसलेली माशी रक्त न मिळाल्याने उडते ती उजेडाकडे, म्हणजे सरळ वर, आणि शंकूतून बाटलीच्या तोंडापर्यंत पोहोचते. तिथे एक पारदर्शक बरणी उपडी बसवावी: झाकणाला भोक पाडून बाटलीचे तोंड तीन-चार सेंटिमीटर आत घ्यावे आणि फट एम-सीलने बुजवावी. तोंडाभोवती झाकणावर दोन सेंटिमीटर साबणाचे पाणी राहील असे पाहावे. ही फट नीट बुजली नाही, तर पाणी गळते आणि सारी मेहनत वाया जाते.

सापळा गोठ्यात नव्हे, तर गोठा आणि पाणथळ जागा किंवा झाडी यांच्या मधल्या मोकळ्या, भर उन्हाच्या जागी, जनावरांची धडक लागणार नाही असा ठेवावा. सावलीत त्याचा उपयोग फारसा होत नाही. चेंडूखाली उघड्या डब्यात शिळे गोमूत्र ठेवल्यास त्याच्या वासाचीही मदत होते. बरणी दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करावी आणि चेंडूवरची धूळ पुसावी, कारण धुळीने चकाकी जाते.

पाय चावणाऱ्या, घरमाशीएवढ्या लहान माश्यांना मात्र हा सापळा पुरेसा नाही. त्या शेण-मुताने भिजलेल्या, कुजक्या चाऱ्यात वाढतात. त्यामुळे गव्हाणीखालची घाण आठवड्यातून एकदा तरी पूर्ण उचलावी. गोमाश्यांमार्फत सर्रा हा रोगही पसरतो, तेव्हा जनावराला वारंवार ताप येऊन ते खंगत असेल, तर सापळ्यावर विसंबून न राहता पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्यावे.