दोन दोऱ्यांचा पतंग: दोऱ्या कशा तयार कराव्यात आणि सारख्या कशा कराव्यात

पतंग सरळ वर जायचा सोडून सारखा डावीकडे कलतो अशी तक्रार केली की मैदानावर सल्ल्यांचा पाऊस पडतो. कन्नी (पतंगाच्या सांगाड्याला बांधलेल्या, मुख्य दोरी जिला जोडतात त्या आखूड दोऱ्या) सरकवा, काडी बदला, वारा बघा. दोऱ्या बघा असं मात्र कोणी म्हणत नाही. म्हणणार तरी कसं? संक्रांतीचा पतंग एकाच दोरीवर उडतो, तिथे लांबी म्हणजे आसारीत किती भरली आहे एवढाच हिशोब. दोन दोऱ्यांच्या स्पोर्ट पतंगाचं तसं नाही. डावी दोरी ओढली की तो डावीकडे वळतो, उजवी ओढली की उजवीकडे. डावी मुळातच दोन सेंटीमीटर आखूड असेल, तर दोन्ही हात सारखे धरूनही तुम्ही त्याला सतत डावं वळण देत असता.

वाईट भाग असा की हातांना त्याची सवय होते. उजवा हात आपोआप थोडा मागे ओढलेला राहायला लागतो, पतंग सरळ जातो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. मग कधी नीट बांधलेल्या दोऱ्या हातात आल्या की त्याच वाकड्या वाटतात. म्हणून हे काम पहिल्या उड्डाणाच्या आधी करायचं.

दोरी

पंखांचा विस्तार २.२ ते २.४ मीटर असलेल्या नेहमीच्या पतंगाला १५० पौंडांची, म्हणजे सुमारे ६८ किलो सोसणारी वेणीदार डायनिमा (फार कमी ताणणाऱ्या, मजबूत कृत्रिम धाग्याची दोरी) घ्या, प्रत्येकी ३० मीटर. मंद वाऱ्यात ९० पौंडांची उत्तम चालते, पावसाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्यात चालणार नाही. स्पेक्ट्रा आणि डायनिमा एकाच जातीचे धागे आहेत, नावावर अडून बसू नका. नायलॉन नको, तो रबरासारखा ताणतो आणि हाताची हालचाल पतंगापर्यंत उशिरा पोचते. डायनिमाचा दुसरा गुण म्हणजे तिचा गुळगुळीतपणा. पतंगाने गिरक्या मारून दोन दोऱ्यांना चार-पाच पीळ पडले तरी त्या एकमेकींवरून सरकत राहतात.

याच गुळगुळीतपणामुळे तिला नुसती गाठ मारता येत नाही. गाठ घसरते, आणि घसरली नाही तर दोरीची ताकद जवळपास निम्मी खाऊन टाकते. म्हणून टोकाला पॉलिस्टरची पोकळ स्लीव्ह, म्हणजे विणलेली बारीक नळी, चढवायची आणि गाठ स्लीव्हसकट मारायची. तयार स्लीव्ह मिळाली नाही तर पुण्याच्या बोहरी आळीतून अगदी बारीक, विणलेली पॉलिस्टरची दोरी आणा आणि आतला गाभा ओढून काढा.

टोकं बांधणं

स्लीव्हचे चार तुकडे कापा. पतंगाकडच्या दोन टोकांना प्रत्येकी ३० सेंटीमीटर, हाताकडच्या दोन टोकांना ४०. हाताकडे जास्त का, ते पुढे कळेल. स्लीव्हच्या कडा उदबत्तीच्या निखाऱ्याने हलकेच वितळवून घ्या, म्हणजे विण सुटत नाही. दोरीला मात्र आग दाखवायची नाही. डायनिमा १४५ अंशांच्या आसपास वितळते, पॉलिस्टर २५० च्या पुढे. दोरीचं टोक लायटरने शेकलंत तर टोकामागचा बोटभर भागही कडक आणि ठिसूळ होतो. धारदार कात्रीने कापा, विषय संपला.

गिटारची सर्वांत बारीक तार दुमडून स्लीव्हमधून आरपार घाला, दुमडीत दोरी अडकवा आणि तार मागे ओढा. तार मधेच अडली तर जोर लावू नका, स्लीव्ह गोळा करून बोटात फिरवा. दोरी स्लीव्हच्या टोकाबाहेर सेंटीमीटरभर आली की टोकापाशी दोघींना मिळून एक साधी निरगाठ. ही गाठ विसरलात तर पहिल्याच झटक्याला दोरी स्लीव्हमधून निसटेल. मग टोक दुमडून सहा-सात सेंटीमीटरचा फास करा आणि दुहेरी स्लीव्हची दुसरी निरगाठ मारा. प्रत्येक गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने आतला धागा दुखावतो. स्लीव्हचं दोरीकडचं तोंड मोकळंच राहू द्या, तिथे गाठ नको.

आत्ता फक्त पतंगाकडची दोन्ही टोकं अशी पूर्ण करा. हाताकडच्या टोकांना स्लीव्ह चढवून ठेवा, पण गाठी मारू नका. तिथे वीसेक सेंटीमीटर दोरी जास्तीची सोडा.

ताणणं

नव्या वेणीदार दोरीची वीण सैल असते. ताण बसला की पदर एकमेकांत घट्ट बसतात आणि दोरी लांबते, आणि दोन्ही दोऱ्या सारख्याच लांबतील याची काही खात्री नाही. म्हणून आधी सारख्या करून मग उडवणं म्हणजे न भिजवलेल्या कापडाचा सदरा शिवणं.

पतंगाकडचे दोन्ही फास एका स्टीलच्या कडीत अडकवा आणि कडी खांबाला कमरेच्या उंचीवर पक्की बांधा. दुसऱ्या टोकाला दोन्ही दोऱ्या एका लाटण्याला आठ-दहा वेढे देऊन गुंडाळा. लाटणं दोन्ही हातांनी धरून शरीराचं वजन मागे टाका. सामान तोलायचा हुकाचा काटा मधे लावता आला तर तीस ते चाळीस किलो दाखवू दे, म्हणजे प्रत्येक दोरीच्या वाट्याला पंधरा-वीस. मिनिट-दोन मिनिटं धरा, सोडा, पुन्हा ओढा. चार वेळा पुरे. झटके देऊ नका. आणि दोरीच्या रेषेत मागे कोणी उभं नको, तुटलेली दोरी चाबकासारखी येते.

सारख्या करणं

इथे बहुतेक जण चुकतात, आणि चुकीचे सल्लेही इथेच सगळ्यांत जास्त.

पहिला सल्ला: टेपने मोजा. कोणत्या ताणावर मोजणार? ढिली दोरी मोजली तर ती जमिनीवर किती सरळ पडली तेवढंच मोजता. दुसरा सल्ला: एकेका हातात एकेक दोरी धरा, ताणा आणि टोकं जुळवा. हा सल्ला ऐकायला शहाण्यासारखा आहे आणि म्हणूनच जास्त घातक. १५० पौंडांची डायनिमा तुटेपर्यंत साडेतीन टक्क्यांच्या आसपास ताणते. हिशोब करा: ३० मीटरच्या दोरीवर एक किलोचा ताण वाढला की ती जवळपास दीड सेंटीमीटर लांबते. तुमचा उजवा हात डाव्यापेक्षा एक किलो जास्त ओढतो की नाही, हे तुम्हाला सांगता येईल? कोणालाच येत नाही. दोन हात म्हणजे दोन वेगळे ताण, आणि दोन वेगळ्या ताणांवर जुळवलेली टोकं उडताना जुळत नाहीत. तिसरा सल्ला म्हणजे दोन वेगळ्या मेखा ठोकून त्यांना दोऱ्या अडकवणे. पुण्याच्या टेकड्यांवरचा मुरूम उन्हाळ्यात दगडासारखा आणि पावसाळ्यात चिखल. दोन मेखांपैकी एक हलणारच.

दोन्ही दोऱ्यांचं एक टोक एकाच ठिकाणी, दुसरं टोकही एकाच ठिकाणी, आणि ओढणारा जोरही एकच, असं जमवायचं. झाडाच्या बुंध्याला फास घालू नका, जाड बुंध्यावर एक फास पुढे आणि एक मागे बसतो. ताणताना वापरलेली कडी तशीच राहू द्या. दुसऱ्या बाजूला एक गुळगुळीत, सरळ दांडा लागेल. मोठ्या स्क्रूड्रायव्हरची दांडी चालते.

एका दोरीचा हाताकडचा फास पूर्ण बांधा, आवळा, दांडीत घालून जोरात ओढून गाठ बसवून घ्या. ही दोरी आता माप. तिला पुन्हा हात लावायचा नाही. दुसऱ्या दोरीचा फास तेवढ्याच लांबीचा अंदाजाने बांधा, पण शेवटची निरगाठ अर्धवटच आवळा. दोन्ही फास दांडीत घाला. दोऱ्या एकमेकींवर चढलेल्या नाहीत, गवताला अडकलेल्या नाहीत हे बघा. पावसाळ्यानंतर टेकडीवर कुसळं असतात, ती विणीत रुततात आणि दोरी नुसतीच नाही तर बोटंही फाडतात. गाजरगवताचा एक तुराही एका दोरीला वर धरून ठेवायला पुरतो.

आता दांडी मागे ओढा, दोन्ही दोऱ्या ताठ होऊ द्या. ताठ असताना काही दिसत नाही, आणि बरेच जण इथेच ‘झाल्या सारख्या’ म्हणून उठतात. खरं बघायचं ते ताण सोडताना. हात अगदी हळूहळू पुढे न्या. लांब दोरीला आधी झोळ पडेल. डोळा दोऱ्यांच्या उंचीला आणून कडीच्या दिशेने बघा. हा झोळ भिंगासारखं काम करतो: ३० मीटरच्या दोरीत फक्त पाच मिलिमीटर जास्तीचे असतील, तर आखूड दोरी जेमतेम सरळ असताना लांब दोरीचा मधला भाग जवळपास पाव मीटर खाली येतो. पाच मिलिमीटर टेपवर कोणी पकडणार नाही, पाव मीटर आंधळ्यालाही दिसेल.

ही परीक्षा वाऱ्यात होत नाही. वारा झोळ उचलून बाजूला नेतो आणि दोऱ्या उगाचच कमी-जास्त दिसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्यात पहाटे हवा बहुधा थांबलेली असते, तीच वेळ धरा. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा उडवा, मोजू नका. सोसायटीच्या पार्किंगमधली ३५ मीटरची सरळ गल्ली या कामाला मैदानापेक्षा चांगली, फक्त दूधवाला आणि पेपरवाला येण्याआधी आटपा. कमरेच्या उंचीवरची पांढरी दोरी अंधारात सायकलवरच्या माणसाला दिसत नाही. दोरीला फडकं बांधून खूण कराल तर त्याच्या वजनाने झोळच बदलेल, तेव्हा मधे एक माणूस उभा करा.

दुसरी दोरी लांब निघाली तर तिची अर्धवट गाठ स्लीव्हवर दोरीच्या बाजूला सरकवा, आखूड निघाली तर टोकाकडे. यासाठीच हाताकडची स्लीव्ह ४० सेंटीमीटरची होती. ३० ची असेल तर गाठ सरकवता सरकवता ती संपते आणि शेवटी नुसत्या डायनिमावर येते. सरकवून झालं की गाठ ओली करून पूर्ण आवळा, पुन्हा जोरात ओढा, पुन्हा ताण सोडून बघा. आवळताना गाठ दोन-तीन मिलिमीटर खातेच, म्हणून ढिल्या गाठीवर जुळलेली दोरी आवळल्यावर जुळेलच असं नाही. तीन-चार फेऱ्या होतात. कंटाळा येतो, करा. पाच मिलिमीटरच्या आत आलं की थांबा. शून्याच्या मागे लागू नका, गाठी पुन्हा पुन्हा सोडून स्लीव्ह पिंजते.

जुन्या दोऱ्यांत पुढे थोडा फरक पडला तर फास सोडायची गरज नसते. हातपट्टीला (दोरीच्या टोकाला जोडलेली, हातात अडकवायची पट्टी) ३० सेंटीमीटरची जाड दोरी जोडा, तिच्यावर सेंटीमीटर-सेंटीमीटरवर गाठींची शिडी करा आणि दोरीचा फास हव्या त्या गाठीमागे अडकवा. पण आधी दोन्ही हातपट्ट्याच एका दांडीत घालून मोजा. दोऱ्यांवर दोन तास घालवून फरक शेवटी पट्टीत निघतो, हे फार वेळा होतं.

उडवून बघणं

हात सारखे धरूनही पतंग डावीकडे जातो? दोन्ही दोऱ्यांची पट्ट्यांसकट अदलाबदल करा, डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. आता पतंग उजवीकडे जायला लागला तर दोष दोरीत किंवा पट्टीत. तरीही डावीकडेच जात असेल तर दोऱ्या निर्दोष आहेत, आता कन्नी आणि काड्या बघा. एवढं केल्याशिवाय कन्नीला हात लावू नका.

पहिल्या दोन-तीन उड्डाणांनंतर एकदा पुन्हा जुळवा, नंतर जोराच्या वाऱ्यात उडवल्यावर.

गुंडाळताना आसारी नको. पातळ, चपट्या पट्टीवर आठच्या आकड्यात गुंडाळा. हातातल्या स्थिर पट्टीवर गोल गोल गुंडाळलं की प्रत्येक वेढ्याला एक पीळ बसतो, आठच्या आकड्यात मात्र उजवा-डावा पीळ एकमेकांना खोडतात. डाव्या दोरीच्या फासाला रंगाची खूण करा आणि दर वेळी ती डावीकडेच लावा.

राहिली संक्रांत. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन आणि इतर कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली. तुमच्या दोरीला काच नसली तरी ती कृत्रिमच आहे, आणि जानेवारीत मैदानावरच्या हवालदाराला हा फरक समजावत बसण्यात अर्थ नाही. मैदान ज्यांचं आहे त्यांना आणि चौकीत आधी विचारा, लोहगाव विमानतळाच्या आसपास जाऊच नका, आणि संक्रांतीच्या आठवड्यात हा पतंग घरीच ठेवा. दुसऱ्याचा काचेचा मांजा ताणलेल्या डायनिमावर एकदा घासला की दोन्ही दोऱ्या नव्याने कराव्या लागतात, कारण एक नवी आणि एक जुनी अशी जोडी ताणाखाली कधीच सारखी राहत नाही.