एचआयव्हीपासून जपताना जोडप्यांनी या चुका टाळा

लग्नाला दहा वर्षं झाली, ऑपरेशनही झालं, मग आता निरोध कशाला? बहुतेक घरांत हा विषय इथंच मिटतो. बायकोनं काढला तर "माझ्यावर भरवसा नाही व्हय?" आणि नवऱ्यानं काढला तर "बाहेर काय करून आलाय?" पण नसबंदी, तांबी, पाळणा लांबवायच्या गोळ्या यांनी दिवस राहत नाहीत एवढंच. एचआयव्ही त्यांनी अडत नाही. तो अडतो कंडोमनं, वेळेवर तपासणीनं आणि लागण असेल तर नियमित औषधांनी.

सगळ्यात मोठी चूक बोलण्याच्या वेळेची. ऐन अंथरुणावर किंवा भांडणात हा विषय काढला की तो आरोपच वाटतो. रंकाळा तलावावर फिरायला गेलात, पोरं आजीकडं आहेत, अशा निवांत वेळी बोला. "तुम्ही तपासा" म्हणण्यापेक्षा "अहो, आपण दोघं एकदा तपासून घेऊया" हे पचायला सोपं जातं. आणि विषय काढल्यावर मारहाण होईल अशी भीती असेल, तर त्या बाईनं घरात एकटीनं बोलू नये. आधी समुपदेशकाला भेटावं.

दुसरी चूक म्हणजे एकट्यानं गुपचूप तपासून येणं. त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे तिचाही तसाच, असं नसतं. एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही, अशी जोडपी असतात आणि सांभाळायचं असतं ते त्यांनाच. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात आणि इतर सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रांत तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहतं. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली आहे. गावातलं कुणी बघेल अशी धास्ती असेल तर दुसऱ्या तालुक्यात जा, पण दोघं जा. धोका नुकताच घडला असेल तर आजच्या निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नका. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा आणि तोवर कंडोम वापरा.

आता कंडोमबद्दल, कारण खरी गडबड इथं होते. पाकीट महिनोन्‌महिने खिशात नाहीतर गाडीच्या डिकीत पडून तापतं आणि रबर कमजोर होतं. तारीख बघा. पाकीट अंगठ्यानं दाबा, आत हवेची उशी लागली पाहिजे. दातानं फाडू नका. टोक चिमटीत धरून हवा काढा, मग खालपर्यंत उलगडा. उलटं लागलं तर तेच परत फिरवू नका, नवीन घ्या. खोबरेल तेल, व्हॅसलीन लावलं की लॅटेक्स विरतं. कोरडेपणा असेल तर मेडिकलमधून पाण्याचं बेस असलेली जेली मागा. एकावर एक दोन चढवणं हाही गैरसमजच, घासून दोन्ही फाटतात. काम झाल्यावर ताठरपणा असतानाच बुडाशी धरून बाहेर काढा. आणि सुरुवातीपासून वापरा, शेवटी चढवलेल्या कंडोमचा उपयोग नाही.

जोडीदार पॉझिटिव्ह निघाला तर बायकोला माहेरी धाडणं, ताट-वाटी वेगळी करणं ही निव्वळ क्रूरता आहे. एका ताटात जेवल्यानं, मिठीनं, एका न्हाणीघरानं एचआयव्ही होत नाही. लागण झालेल्यानं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या गोळ्या रोज घ्याव्यात. 2011 मध्ये जाहीर झालेल्या एचपीटीएन 052 या अभ्यासात पुण्यातलीही जोडपी होती. लवकर औषध सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटली. पुढच्या अभ्यासांतून दिसलं की रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संभोगातून लागण होत नाही. पण बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या की विषाणू परत वाढतो. त्यामुळं व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा रिपोर्ट हातात येऊन डॉक्टरांनी सांगेपर्यंत कंडोम बंद करू नका. मूल हवं असेल तर आधी एआरटी केंद्रात बोला. आईच्या औषधांनी बाळाला लागण होण्याचा धोका खूपच कमी होतो.

कंडोम फाटलं आणि जोडीदार पॉझिटिव्ह आहे किंवा त्याचं काहीच माहीत नाही, तर सकाळ उजाडायची वाट बघू नका. लागण टाळणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि ती 28 दिवस घ्यायची असतात. थेट रुग्णालय गाठा. कुठं जायचं कळत नसेल तर 1097 या मोफत हेल्पलाईनवर विचारा.