तळघराचे वॉटरप्रूफिंग: परवानगी कशाला लागते, कशाला नाही

मृग बरसला की मराठवाड्यातली तळघरे पाझरू लागतात. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते. पावसाचे पाणी त्या भेगांतून सरळ खाली उतरते आणि मुरमाखालच्या खडकावर अडते. तळघराचा खड्डा त्याच खडकात खोदलेला असतो, म्हणून पाणी भिंतीला टेकून राहते. अशा वेळी मिस्त्रीशी भाव ठरतो, तोडफोड सुरू होते आणि परवानगीची आठवण नोटीस आल्यावर होते.

आधी पाणी कुठले ते ओळखा. भिंतीवर दीड फुटाचा चौकोनी प्लॅस्टिक कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि एक दिवस ठेवा. थेंब कागदाच्या बाहेरच्या बाजूला जमले तर ती हवेतली वाफ आहे, झरोका मोकळा करून पाहा. कागदाच्या आत ओल आली तर पाणी भिंतीतून येते. शेजारी पाण्याचा हौद असेल तर रात्री नळ आणि मोटार बंद ठेवून पातळीवर खूण करा. सकाळी पाणी उतरलेले दिसले तर तळघर सोडा, हौद दुरुस्त करा. त्याला कुणाचा परवाना लागत नाही.

मग काम आतून की बाहेरून, ते ठरवा. परवानगीचा सारा प्रश्न इथेच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ ने विकासकामाला परवानगी सक्तीची केली आहे. मात्र इमारतीच्या आतल्या भागापुरती किंवा बाह्यरूप फारसे न बदलणारी देखभाल-दुरुस्ती त्यातून वगळली आहे. सुटलेला गिलावा खरवडणे, चिरांत ग्राउटिंग म्हणजे पातळ घोळ भरणे, भिंत-फरशीच्या सांध्यावर गोलाकार वाटा म्हणजे कोपरा भरून केलेली गोलाई, पाणी रोखणाऱ्या स्फटिकी रसायनाचे दोन हात हे सगळे या सवलतीत बसते.

पण त्याच कायद्यात जमिनीखालचे बांधकामही ‘विकास’ आहे. नवी आरसीसी भिंत, भिंतीला भगदाड पाडून पाइप काढणे, फरशी खोदून खाली नेणे ही कामे लेखी परवानगीशिवाय करू नका. फरशी खाली नेताना पायाशेजारची माती निघते आणि भिंत खचते, म्हणून इथे स्ट्रक्चरल इंजिनिअर हवाच. उलट, आतून जाड काँक्रीट ओतले तर उंची घटते. तळघराची उंची किमान २.४ मीटर राहायला हवी, आधी मोजून घ्या. बाहेरून भिंतीलगत चर खोदून भिंतीवर पाणी रोखणारा पडदा (मेम्ब्रेन) लावायचा असेल तर कामाचे स्वरूप लिहून नगररचना विभागाला पत्र द्या आणि पोच घ्या.

कागद जमवा. सर्वांत आधी मंजूर नकाशा काढून त्यात तळघर दाखवले आहे का ते पाहा. अनेकांचे घोडे इथेच अडते. तळघर नकाशात नसेल, किंवा नकाशात साठवण लिहिलेले असताना तिथे शिकवणी वर्ग चालत असेल, तर दुरुस्तीचा अर्ज करण्याआधी आर्किटेक्टकडून नियमितीकरणाची शक्यता तपासा. गुंठेवारीतले, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय तुकड्यांनी विकलेल्या प्लॉटवरचे घर असेल तर नियमितीकरणाचे प्रमाणपत्र आधी. त्यासोबत सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, भोगवटा प्रमाणपत्र, चालू घरपट्टीची पावती, इंजिनिअरचा दाखला, कामाचा नकाशा आणि फोटो लागतात. अपार्टमेंटचे तळघर सामाईक असते, त्यामुळे सर्वसाधारण सभेचा ठराव जोडा. गावठाणात आधी ग्रामपंचायतीकडे विचारा.

छत्रपती संभाजीनगर, दौलताबाद, खुलताबाद इथल्या घरमालकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. या दोन्हींत साध्या दुरुस्तीसाठीही स्मारक कायद्याखाली वेगळी परवानगी काढावी लागते. प्रतिबंधित क्षेत्रात तर नवे बांधकाम होतच नाही. महापालिकेचा होकार या परवानगीची जागा घेत नाही.

अर्जाची वेळ साधा. कलम ४५ नुसार ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते, पण काम नियमांत बसणारे असेल तरच. त्रुटी काढून अर्ज परत येतोही. म्हणून ओल पावसाळ्यात पाहून ठेवा, अर्ज जानेवारीत टाका आणि खोदकाम एप्रिल-मेमध्ये उरका.

पाणी आणि माती कुठे जाणार ते लिहून द्या. पंपाने उपसलेले पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडू नका. पावसाळ्यात ते तुंबते आणि मैलापाणी उलटून तुमच्याच तळघरात येते. पावसाळी नालीची जोडणी मागा. त्यासाठी रस्ता फोडावा लागला तर खोदाईची परवानगी वेगळी. निघालेला मुरूम प्लॉटबाहेर न्यायचा असेल तर गौण खनिजाबद्दल तहसील कार्यालयात विचारा. राडारोडा नाल्यात टाकला तर दंड होतो.

खोदताना चर दीड मीटरपेक्षा खोल जात असेल तर दोन्ही बाजूंना फळ्या आणि टेकू लावा. काळी माती वरून टणक दिसते, पण ओलावा लागताच ढासळते. माती चराच्या काठापासून किमान दीड मीटर दूर टाका. सगळी लांबी एकदम उघडी करू नका, तुकड्या-तुकड्याने खोदा. हद्दीलगत काम असेल तर शेजाऱ्यांना लेखी कळवा आणि त्यांच्या भिंतीच्या जुन्या भेगांचे तारखेसह फोटो आधीच काढा, नाहीतर त्या भेगा तुमच्या खोदकामाने पडल्या असे म्हटले जाईल.

चर बुजवण्याआधी पडदा, पाणी वाहून नेणारा छिद्रांचा पाइप आणि त्याभोवतीची खडी यांचे फोटो घ्या. इंजिनिअरची सही झाल्यावरच माती लोटा. ही फाइल मंजूर नकाशासोबत ठेवा, घर विकताना घेणारा ती मागतो.