कोकणातल्या घरात पिल्लाला शी-शूची सवय लावताना या चुका टाळा

"घरात केलंन् की त्याचं नाक घास त्यात, परत नाही करायचं." पिल्लू आणल्याची बातमी वाडीत पसरली की हा सल्ला घरपोच येतो. तो ऐकून घ्या आणि सोडून द्या. कुत्रं शिक्षेचा संबंध जोडतं तो एक-दोन सेकंदांपूर्वी घडलेल्या गोष्टीशी. दहा मिनिटांपूर्वी पडवीत केलेल्या शूवरून तुम्ही आता ओरडलात, तर त्याला एवढंच कळतं की माणूस आणि शू एकत्र दिसले की मार पडतो. मग ते तुमच्यासमोर करणंच बंद करतं. तुम्ही खळ्यात, म्हणजे अंगणात, छत्री धरून उभे आणि ते नुसतं गवत हुंगत फिरणार. आत आलं की पलंगाखाली जाऊन मोकळं होणार. कान पाडून बसलं की आपण म्हणतो, "बघ, चूक कळली त्याला." कळलेलं काही नसतं. आवाज चढला म्हणून ते दबलेलं असतं.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. फ्लॅटला एक दार असतं, दाराच्या आत घर आणि बाहेर जग. कोकणातल्या घरात खळं, पडवी, ओटी, माजघर, मागची पडवी, न्हाणी असं सगळं एकातून एक उलगडत जातं आणि दारं दिवसभर उघडी. यातलं घर कुठलं, हे पिल्लाला कोण सांगणार? त्यात साधारण दोन महिन्यांचं असल्यापासूनच पिल्लाची पायाखालच्या स्पर्शाची आवड पक्की व्हायला लागते. सारवलेलं खळं आणि सारवलेली पडवी त्याच्या पायांना एकच लागतात. एका ठिकाणी केलं तर शाबासकी आणि चार हातांवर केलं तर झाडू, याचा अर्थ ते काय लावणार!

म्हणून 'खळ्यात सोडलं की झालं' ही दुसरी मोठी चूक. जागा अशी निवडा की तिचा स्पर्श घरातल्या कुठल्याही जमिनीसारखा नसेल. माडाच्या बुंध्याजवळची रेताड माती, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेचं गवत, पातेऱ्याचा म्हणजे वाळक्या पानांचा पातळ थर, काहीही चालेल. भाजीचा वाफा मात्र नको, कारण पिल्लांच्या पोटात जंत असतात आणि ते माणसांनाही होऊ शकतात. पट्टा लावून दर वेळी त्याच जागी न्या. तिथे उभं राहा, गप्पा मारू नका, मोबाइल काढू नका. केलं की तिथल्या तिथे कौतुक आणि उकडलेल्या अंड्याचा एखादा कण. घरात येऊन डबा उघडून दिलेला खाऊ त्याच्या हिशेबी घरात आल्याचा असतो. आणखी एक, शू झाल्या झाल्या लगेच आत आणू नका. बाहेरची मजा संपते हे त्याच्या लक्षात आलं की ते धरून ठेवायला शिकतं. थोडं खेळू द्या.

वेळा अवघड नाहीत. झोपून उठलं की, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत, खेळून दमलं की आणि रात्री निजायच्या आधी. ढोबळ हिशेब असा की वय जितके महिने त्यात एक मिळवा, तितके तास फार तर धरवतं. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त तीन तास, तेही झोपेत. जागेपणी त्याच्याआधीच न्यायला हवं. पुरता ताबा यायला चार-सहा महिन्यांचं व्हावं लागतं.

आता खाण्याचं. वेंगुर्ल्याकडच्या एका काकींची तक्रार होती, "ह्या दिवसभर मुतता, ह्येका काय करूचा?" विचारल्यावर कळलं की सकाळी मीठ घातलेली पेज, दुपारी भातावर माशाचं सार, संध्याकाळी सगळ्यांबरोबर बशीत चहा आणि बटर, मधेच कोणीतरी सुकटीचा तुकडा. पेज म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच आणि खारवलेल्या मासळीनंतर पिल्लू वाटीवर वाटी पाणी पिणार. ते सगळं कुठेतरी बाहेर पडणारच की. चहा तर द्यायचाच नाही, आणि कांदा घातलेलं सारही नाही. कांद्याने कुत्र्याचं रक्त कमी होतं. दूधही बऱ्याच पिल्लांना पचत नाही, मग शी पातळ होते आणि पातळ शी कुणालाच धरवत नाही. घट्ट, अळणी खाणं दिवसातून तीन-चारदा ठरलेल्या वेळी द्या, म्हणजे शीची वेळही आपोआप ठरते. पाणी तोडू नका. निजायच्या तासभर आधी वाटी उचलली तर चालेल.

आणि मग मृग लागतो. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात शहाण्यासारखं बाहेर जाणारं पिल्लू जूनमध्ये उंबऱ्यावर बसून पागोळ्यांकडे बघत राहतं. लोक त्याला उचलून पावसात ठेवतात आणि दार लावून घेतात. ते तिथे करत नाही, दाराला चिकटून थरथरत उभं राहतं, आत घेतलं की पहिल्या पावलाला करतं. पाऊस अंगावर घेत शू करायला शिकवण्यापेक्षा कोरडी जागा आधीच, शक्यतो मे महिन्यातच तयार ठेवा. लाकडं ठेवायची खोपी, मांगराची (शेतातल्या खोपटाची) कड किंवा मागच्या पडवीबाहेर ताडपत्री ओढलेला कोपरा घ्या. तिथे पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पसरट घमेल्यात नारळाच्या सोडणाचा (वरच्या सालीचा) भुसा अथवा वाळू टाका आणि त्याच्या नेहमीच्या जागेवरची मूठभर शू लागलेली माती वर भुरभुरा. वासाने त्याला जागा कळते. भुसा ओला झाला की बदला. पातेऱ्याचा जुना ढीग उकरून वापरू नका, त्यात गोचिडी असतात आणि कधी कधी त्याहून वाईट काही.

पावसाळ्यात दाराशी टाकलेलं गोणपाट हा एक वेगळाच विषय आहे. घरातल्या दहा पायांचा चिखल त्याने प्यायलेला, कायम दमट, मऊ, मातकट वासाचं. पिल्लाच्या दृष्टीने याहून चांगलं शौचालय नाही. त्याला झोडपून उपयोग नाही. सवय लागेपर्यंत गोणपाटच उचला आणि पाय पुसायला रबरी जाळी टाका. वर्तमानपत्रावर सवय लावणाऱ्यांची फजिती याच जातीची. कागद म्हणजे शूची जागा हे एकदा डोक्यात बसलं की ओटीवर आजोबांनी वाचून ठेवलेला पेपर सुटत नाही.

साफसफाईत बहुतेकांचं घोडं फिनेलपाशी अडतं. फिनेलने आपल्या नाकाला बरं वाटतं, कुत्र्याला खालचा वास येतोच, वर ते फिनेल त्याच्या पायांना आणि जिभेला त्रास देतं. अमोनिया असलेलं क्लीनर तर नकोच, शूच्या वासात तोच असतो. फरशीवर आधी कापडाने टिपून घ्या, मग एन्झाइम असलेलं क्लीनर. नसेल तर निम्मं पाणी घातलेला पांढरा व्हिनेगर. चिऱ्याची पायरी किंवा जोतं असेल तर एकदा पुसून भागत नाही, जांभा सच्छिद्र, तो शू पितो. सारवलेल्या जमिनीवर पाणी ओतू नका. ओला झालेला थर खरवडून बाहेर टाका आणि त्या जागी पुन्हा हात फिरवा.

रात्री मागच्या दाराला बांधून ठेवणं ही चूक नुसती सवयीपुरती नाही. बांधलेलं पिल्लू नाइलाजाने निजल्या जागी करतं आणि अंथरूण स्वच्छ ठेवायची उपजत सवय एकदा मोडली की पुन्हा लावणं फार कठीण. शिवाय बिबट्या वाडीत शिरतो तो बहुधा कुत्र्यासाठीच. रात्री आत, तुमच्या खोलीत, वळून बसता येईल एवढ्याच खोक्यात किंवा पिंजऱ्यात ठेवा. कुईकुई केली की बॅटरी घेऊन बाहेर न्या. बॅटरी हवीच, रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं हा विषारी साप पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.

लसींचे डोस पुरे होईपर्यंत समुद्रावर किंवा भटकी कुत्री फिरतात तिथे नेऊ नका. पार्वो हा पिल्लांच्या जिवावर बेतणारा जुलाबाचा आजार, त्याचा विषाणू मातीत महिनोन् महिने राहतो. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) शूमधून माणसालाही होतो, म्हणून त्याची लसही डॉक्टरांना विचारून घ्याच, आणि शू पुसल्यावर हात साबणाने धुवा.

गणपतीत सगळं विस्कटतं. चाकरमानी येतात, घर भरतं, जो तो मोदकाचा तुकडा टाकतो, आणि शिकलेलं पिल्लू पुन्हा माजघरात करायला लागतं. त्या दिवसांत पिल्लाची जबाबदारी एकाच माणसावर टाका, सगळ्यांनी बघायचं म्हणजे कोणीच नाही. पाहुणा वाकून डोक्यावर हात ठेवतो तेव्हा थेंब गळत असतील तर ती सवयीची चूक नव्हे, दबून किंवा आनंदाने आपोआप होतं. ओरडलं तर वाढतं. पाहुण्यांना सांगा, बाजूला बसा, त्याच्याकडे बघू नका, ते येईल.

थोडी थोडी सारखी होत असेल, करताना कण्हत असेल, रक्त दिसलं किंवा चांगलं शिकलेलं पिल्लू कारण नसताना बिघडलं, तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. पशुवैद्याकडे जा, शिस्तीचं नंतर बघू.

राहिला सहा-आठ महिन्यांचा नर, जो पाय वर करून नेमका तुळशीवृंदावनावर चार थेंब टाकतो. आजी म्हणते, "मुद्दाम करतो मेला." तो हद्द आखतोय. तिथून गेलेल्या दुसऱ्या कुत्र्याचा वास वृंदावनाच्या कोपऱ्याला राहिलेला असतो, त्यावर त्याची सही. चौथरा व्हिनेगरच्या पाण्याने धुवा, भोवती काही दिवस कुंड्या मांडून वाट अडवा, गडग्यातली भटक्या कुत्र्यांची शिरायची फट बुजवा आणि नसबंदीचं डॉक्टरांशी बोला. सकाळी दार उघडायच्या आधी पट्टा लावून थेट त्याच्या जागेवर न्या. पोट रिकामं झालेला कुत्रा वृंदावनाजवळून नुसता हुंगून पुढे जाण्याची शक्यता जास्त.